आठ सुपरहिरो आणि दोन तास: कोणाला घ्यायचं, कोणाला घरी ठेवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही स्वतः रचलेले आठ सुपरहिरो आहेत (माजी सैनिक नायिका, चोरी सोडून आलेली मुलगी, कवचवाला शास्त्रज्ञ, उडणारा बलवान, अग्नीवाली, वीजवाला, पाण्याखालचा नायक आणि मन वाचणारे आजोबा), आजवर प्रत्येकाच्या सुट्या गोष्टी लिहून झाल्यात आणि आता सगळ्यांना एकत्र आणणाऱ्या दोन तासांच्या चित्रपटाची पटकथा लिहायची आहे. मित्र म्हणतात, आठही हवेत. त्यातला उडणारा नायक इतका ताकदवान आहे की तो आला की बाकीच्यांना कामच उरत नाही, आणि नेमका तोच वाचकांचा लाडका आहे. निवड लोकप्रियतेवर करायची की शक्तीवर, आणि गाळलेल्यांचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली सतरा-अठरा वर्षं अ‍ॅनिमेशन मालिका आणि कॉमिक्स यांच्या पटकथा लिहिते. त्यातलं निम्मं काम अशाच गर्दीच्या गोष्टींचं. तुमचा प्रश्न वाचताना जाणवलं की तुम्ही माणसं मोजताय. मी जोड्या मोजते. चार नायक असले तर त्यांच्यात ६ जोड्या होतात, पाच असले तर १०, सहा असले तर १५ आणि आठ असले तर २८. माणसं दुप्पट झाली की जोड्या चौपटीहून जास्त होतात, आणि प्रेक्षक पैसे मोजून बघायला येतो त्या जोड्याच. एकेकटा नायक त्याने आधीच बघितलेला असतो. हा त्याच्याशी कसा बोलतो, ही तिच्यासमोर गप्प का होते, हे त्याला बघायचं असतं. त्यामुळे "या आठांतून कोण?" असं न विचारता "या २८ जोड्यांतल्या कोणत्या चार-पाच जोड्यांमध्ये काही शिजतंय?" असं विचारा. त्या जोड्यांमध्ये जी नावं येतील ती तुमची टीम.

एक सीन बघा. ‘द अ‍ॅव्हेंजर्स’मध्ये (२०१२) प्रयोगशाळेत टोनी स्टार्क (म्हणजे आयर्न मॅन) येतो आणि बॅनरला छोट्या विजेच्या काडीने टोचतो. बॅनर चिडून हल्क होतो का, हे त्याला बघायचं असतं. कॅप्टन अमेरिका भडकतो, कारण त्याच्या दृष्टीने हा जहाजावरच्या सगळ्यांच्या जिवाशी खेळ आहे. बॅनर स्वतः मात्र जवळजवळ शांत. मिनिटाभराच्या या प्रसंगात एकही ठोसा पडत नाही, तरी तिघंही कळतात आणि तीन जोड्या सुरू होतात: दोन शास्त्रज्ञांची मैत्री, सैनिक आणि अतिशहाणा यांची ठिणगी, आणि ज्याला सगळे भितात तो माणूस आणि सगळ्यांच्या जिवाची काळजी वाहणारा कॅप्टन. आता हल्कच्या जागी त्याच्याइतकाच बलवान पण स्वभावाने सरळ असा दुसरा कोणी ठेवून बघा. मारामारी तीच राहील, हा सीन मात्र राहणार नाही. हल्कची निवड ताकदीसाठी झाली असं आपल्याला वाटतं, पण लेखकाच्या टेबलावरून बघितलं तर त्याचा खरा उपयोग त्याच्या भीतीचा आहे.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं नियमासारखं वाटेल.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे प्रेक्षकाला तुमचे नायक आधी ठाऊक आहेत का. त्या २०१२च्या चित्रपटाआधी चार वर्षांत पाच चित्रपट येऊन गेले होते: २००८मध्ये आयर्न मॅनचा आणि हल्कचा, २०१०मध्ये आयर्न मॅनचा दुसरा, २०११मध्ये थॉरचा आणि कॅप्टन अमेरिकेचा. ब्लॅक विडो आणि हॉकआय हे दोघंही आधीच्या चित्रपटांमध्ये डोकावून गेले होते. म्हणजे ओळखपरेड आधीच उरकली होती. उलट ‘जस्टिस लीग’ (२०१७) आला तेव्हा फ्लॅश, अ‍ॅक्वामॅन आणि सायबॉर्ग यांची फक्त झलक दिसली होती. जेमतेम दोन तासांच्या चित्रपटाला तिघांची ओळखही करून द्यायची होती, मेलेल्या सुपरमॅनला उठवायचंही होतं आणि जगही वाचवायचं होतं. त्यात सायबॉर्ग सगळ्यांत जास्त चेपला गेला. २०२१मध्ये त्याच चित्रपटाची सुमारे चार तासांची आवृत्ती आली. तिच्यात सायबॉर्ग आणि त्याचे वडील यांची गोष्ट नीट उलगडली, आणि तोच सायबॉर्ग अनेकांना चित्रपटाचा प्राण वाटला. नायक तोच होता, अभिनेता तोच होता, फरक होता तो जागेचा. त्यामुळे एखादा नायक टीमसाठी चांगला की वाईट, हे तुमच्याकडे मिनिटं किती आहेत ते सांगितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

तुमच्या बाबतीत नायक वाचकांना माहीत आहेत, पण चित्रपट बघणारा प्रत्येकजण तुमचा वाचक नसणार. मी असते तर एकही नायक आधी माहीत नाही असंच धरून चालले असते.

मग मिनिटांचा हिशोब करू. माझा हा अंदाजी हिशोब आहे, पण मला दर वेळी उपयोगी पडलाय. १२० मिनिटांतली शेवटची २५ ते ३० लढाईला जातात. खलनायक आणि त्याचा डाव उभा करायला १५. जग, नियम, कोणाला काय माहीत आहे, याला १०. दोन छोट्या चकमकी धरा, त्यांना १०. राहिली साधारण ५५ ते ६०. आठ जणांमध्ये वाटली तर प्रत्येकी सात मिनिटं, आणि त्यातच ओळख, अडचण, बदल आणि शेवट. पाच जणांमध्ये वाटली तर बारा. सात मिनिटांत माणूस ओळखीचा होतो, पण त्याच्यासाठी जीव वरखाली होत नाही.

‘इटर्नल्स’मध्ये (२०२१) दहा नवे नायक एकाच चित्रपटात आणले होते, तोही अडीच तासांहून मोठा. बघताना सतत वाटतं, आत्ता कुठे या दोघांचं जमत होतं, तेवढ्यात तिसऱ्याच्या घरी निघाले. उलट पहिला ‘एक्स-मेन’ (२०००) फक्त १०४ मिनिटांचा आहे आणि त्यात माणसं कमी नाहीत. पण तिथे लेखकांनी प्रेक्षकाला दोनच दारांतून आत नेलं: व्हुल्व्हरीन आणि रोग. दोघंही त्या शाळेत नवखे. आपल्याला जे कळतं ते या दोघांना कळतं तेव्हाच कळतं. सायक्लॉप्स, स्टॉर्म, जीन ग्रे ही माणसं तिथली जुनी रहिवासी, त्यांची वेगळी ओळख करून द्यायची गरज पडत नाही. सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा हट्ट सोडला की गर्दी पेलता येते. तुमच्याकडे खूप नायक असतील तर आधी ठरवा, दार कोण आणि रहिवासी कोण.

आता प्रत्यक्ष निवड मी कशी करते ते सांगते.

मोठा कागद घ्यायचा. आडवे रकाने सीनचे, उभे रकाने नायकांचे. बरेच लेखक अशा तक्त्यात कोण हजर आहे तिथे फुली मारतात. मी फुली मारत नाही, एक क्रियापद लिहिते. या सीनमध्ये हा काय करतो? "लपवतो", "हट्ट धरते", "खोटं बोलतो", "सोडून देते", "ओळखते". "लढतो" हे क्रियापद मी मोजत नाही, कारण शेवटी सगळेच लढतात. "बघतो", "उभा राहतो", "मान डोलावतो" यांवर लाल पेन. तक्ता भरला की रकान्यावरून नजर खाली फिरवायची. ज्याच्या रकान्यात पाचपेक्षा कमी खरी क्रियापदं आहेत, तो टीममध्ये नाही, तो टीमच्या फोटोत आहे.

हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी एका अ‍ॅनिमेशनपटावर काम करत होते. नऊ नायक होते. मी सहावर आणले होते, पण सातवा काढायला निर्मिती संस्था तयार होईना, कारण त्याच्या खेळण्याचा साचा तयार झाला होता. ठीक आहे म्हटलं, राहू दे, एक माणूस जास्तीचा. पटकथा पूर्ण झाल्यावर मोजलं: तो बावीस सीनमध्ये होता, संवाद चौदा, आणि त्यातले नऊ "मागे बघ!", "ते येतायत!", "चला!" या जातीचे. कच्चा चित्रपट काही मुलांना दाखवला आणि नंतर आवडत्या हिरोचं चित्र काढायला सांगितलं. त्याचं चित्र एकानेही काढलं नाही. खेळण्याचं पुढे काय झालं ते विचारायची मला हिंमत झाली नाही. पण राग मला त्यांचा नाही, स्वतःचा आला. त्याला ठेवायचंच होतं तर त्याच्यासाठी एखादी जोडी शोधायला हवी होती. मी त्याला फक्त सहन केलं.

त्याच चित्रपटात बंद पडलेल्या लिफ्टचा एक सीन होता. पहिल्या खर्ड्यात लिफ्टमध्ये सातही जण. प्रत्येकाला एक-एक विनोदी वाक्य दिलं होतं, दीड पान झालं आणि सीन जागचा हलेना. कोण कोणाला उद्देशून बोलतोय तेच कळत नव्हतं. मग मी पाच जणांना जिन्याने पाठवलं. आत राहिल्या दोघी: एक जी एका हिसक्यात लिफ्टचं छत उचकटू शकते आणि दुसरी जिला बंद जागेची धास्ती आहे आणि ती कबूल करायची नाहीये. मग एक अडचण घातली: वरच्या दोरावर त्यांचाच एक साथीदार लटकतोय, छत उचकटलं तर तो पडेल. आता ताकदवान बाईला हात बांधून बसायचंय आणि धास्ती वाटणारीला शांत राहायचंय, दोघींनाही न जमणारी गोष्ट. सीन पाऊण पानाचा झाला आणि पुढे अख्खा चित्रपट त्या दोघींच्या मैत्रीवर उभा राहिला. टीमच्या चित्रपटात सगळे सतत एकत्र हवेत असं आपल्याला उगीच वाटतं. त्यांना दोन-दोन, तीन-तीन करून फोडायचं असतं. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये (२०१८) इतके नायक असूनही गोंधळ होत नाही, कारण ते वेगवेगळ्या वाटांनी जातात. त्यात थॉरला रॉकेटबरोबर पाठवलंय. एक देव, ज्याचं सगळं नुकतंच हिरावलं गेलंय, आणि एक तिरसट प्राणी ज्याला तो ससा म्हणतो. कागदावर ही जोडी कोणालाही सुचली नसती, आणि त्या प्रवासातला सर्वांत हळवा संवाद त्यांचाच आहे.

इथे तुमच्या अग्नी आणि वीज वाल्या दोघांबद्दल बोलायला हवं. शक्ती वेगळ्या दिसतात, पण गोष्टीत दोघं एकच काम करतात: लांबून काहीतरी फेकतात आणि समोरचं जळतं. त्याहून वाईट म्हणजे, तुमच्या वर्णनावरून दोघंही तापट आहेत. अशा वेळी एकाला काढा. किंवा शक्ती दोन्ही ठेवायच्याच असतील तर स्वभाव उलटा करा: अग्नीवाली थंड डोक्याची, वीजवाला घाबरट. शक्ती आणि स्वभाव यांच्यात काही सांधा असेल तर पात्र फुकटात कळतं. ‘द इन्क्रेडिबल्स’मध्ये (२००४) चारी दिशांना ताणली जाणारी व्यक्ती आई आहे आणि बुजरी मुलगी अदृश्य होऊ शकते. हे समजावायला एक वाक्यही खर्च झालेलं नाही.

खर्चाचा विषय निघालाच आहे तर अजून एक. काही पात्रं स्वस्त असतात. पैशाच्या नाही, मिनिटांच्या भाषेत. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ (२०१४) घ्या. पाच नायक, आणि चित्रपट फार बघणाऱ्यांपैकीही बहुतेकांना त्यातला एकही आधी माहीत नव्हता. पण त्यातला ग्रूट एकच वाक्य बोलतो आणि ड्रॅक्स प्रत्येक म्हण शब्दशः घेतो. या दोघांना समजून घ्यायला प्रेक्षकाला मिनिटभर लागतं, आणि वाचलेला वेळ क्विल आणि गमोरा यांना मिळतो. तुमच्या आठांमध्ये असं एखादं स्वस्त पात्र आहे का बघा. माझ्या मते पाण्याखालचा नायक तसा होऊ शकतो, तो जमिनीवर फारसा बोलतच नाही असं केलंत तर. पण पाण्याखालची लढाई तुमच्या कथेत आहे का? नसेल तर तो कितीही स्वस्त असला तरी त्याला आणू नका. शक्तीला जागा मिळावी म्हणून कथेत समुद्र घुसवायचा, हे मी दोनदा करून बघितलंय. दोन्ही वेळा नायक वाचला आणि कथा बुडाली.

आता तुमचा उडणारा पैलवान. हा सगळ्यांना पडणारा प्रश्न आहे आणि मोठ्या चित्रपटांनीही तो वेगवेगळ्या पद्धतींनी सोडवलाय, काही चांगल्या, काही लंगड्या. २०१७च्या ‘जस्टिस लीग’मध्ये सुपरमॅन आधीच मेलेला होता. तो मधेच जिवंत होतो, घरी जातो आणि शेवटच्या लढाईत येतो. आला की पाच जणांना आवरत नसलेला खलनायक बघता बघता हरतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण तेवढ्यात बाकीचे पाच जण लहान होऊन जातात. ‘एंडगेम’मध्ये (२०१९) कॅप्टन मार्वल सांगते की इतर ग्रहांनाही माझी गरज आहे, आणि मधल्या मोठ्या भागात दिसतच नाही. हे चालतं, पण ती सोय आहे हे दिसतं. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये हल्क पहिल्याच प्रसंगात मार खातो आणि नंतर बाहेर यायलाच नकार देतो. हे मला सर्वांत आवडतं, कारण ताकद काढून घेतली ती पात्राच्या आतून. पहिल्या ‘एक्स-मेन’मध्ये मन वाचणारा प्रोफेसर एक्स ऐन गरजेला बेशुद्ध पडतो, कारण त्याचं यंत्र कोणीतरी आधीच बिघडवून ठेवलंय. तुमच्या यादीत मन वाचणारे आजोबा आहेत, म्हणून हे उदाहरण मुद्दाम देतेय. मन वाचणारा माणूस टीममध्ये असला की रहस्य टिकत नाही, फितुरी टिकत नाही, खलनायकाचा डाव दुसऱ्याच मिनिटाला फुटतो. त्यांना ठेवायचं तर पहिल्या तासातच त्यांची काहीतरी सोय लावावी लागेल, आणि बलवानाचीही लावावी लागेल. एका चित्रपटात दोन-दोन नायकांना बाजूला बसवायला कारणं शोधलीत तर प्रेक्षक तुमची चलाखी पकडेल. दोघांतून एकच घ्या.

बलवानाला घेतलंत तर त्याला ताकदीने न सुटणारं काम द्या. २०१२च्या त्याच चित्रपटात न्यूयॉर्कच्या लढाईत कॅप्टन अमेरिका कामं वाटतो तो प्रसंग आठवा. हॉकआयने गच्चीवरून नजर ठेवायची आणि शत्रू कुठे सरकतोय ते सांगायचं, आयर्न मॅनने कडेकडेने फिरून बाहेर जाणारे परत आत हाकायचे, थॉरने आकाशातलं भगदाड विजेने रोखायचं, कॅप्टन आणि ब्लॅक विडो जमिनीवर, आणि हल्कला एकच आज्ञा. सहा जण, पाच वेगळी कामं, आणि कोणाचंही काम दुसऱ्याला जमणारं नाही. धनुष्यबाण घेतलेला साधा माणूस देवाच्या शेजारी हास्यास्पद का वाटत नाही, तर त्याची जागा गच्चीवर आहे आणि तिथून तो जे बघतो ते बाकी कोणालाच दिसत नाही. शेवटी भगदाड बंद करते ती विडो, जिच्याकडे कसलीच अलौकिक शक्ती नाही. तुमच्या लढाईचा असा नकाशा काढा आणि प्रत्येकाची जागा त्यात खुणेने दाखवा. दोघं एकाच जागी आले तर एक फालतू.

लोकप्रियतेबद्दल तुम्ही विचारलंय. ती विसरा असं मी म्हणणार नाही, चित्रपट विकायचाही असतो. पण मोठ्यांनीही ती आंधळेपणाने पाळलेली नाही. कॉमिक्समध्ये १९६३ साली अ‍ॅव्हेंजर्सची पहिली टीम जमली तेव्हा तिच्यात आयर्न मॅन, थॉर, हल्क, अँट-मॅन आणि वास्प होते. कॅप्टन अमेरिका चौथ्या अंकात आला. पडद्यावर मात्र २०१२च्या टीममध्ये अँट-मॅन आणि वास्प नाहीतच, अँट-मॅनचा चित्रपट २०१५मध्ये आला. संस्थापक असूनही त्यांना थांबावं लागलं. १९६०च्या जस्टिस लीगमध्ये मंगळावरचा मार्शन मॅनहंटर संस्थापक होता, तर २०११च्या नव्या मांडणीत त्याच्या जागी सायबॉर्ग आला. २००१च्या अ‍ॅनिमेशन मालिकेत संस्थापकांमध्ये अ‍ॅक्वामॅनऐवजी हॉकगर्ल होती. ती फार प्रसिद्ध नव्हती, पण तिच्यामुळे मालिकेला पुढे एक मोठा विश्वासघात मिळाला. परंपरा म्हणून कोणाला घेतलंच पाहिजे, असं काही नसतं.

आणि हो, पुष्कळदा निवड लेखकाच्या हातात नसतेच. अ‍ॅव्हेंजर्सचे चित्रपट काढणाऱ्या मार्वल कंपनीकडे आपलेच अनेक नायक नव्हते, कारण एक्स-मेनचे चित्रपट-हक्क फॉक्सकडे आणि स्पायडर-मॅनचे सोनीकडे होते. २०१५ साली सोनीशी करार झाला म्हणून २०१६च्या ‘सिव्हिल वॉर’मध्ये स्पायडर-मॅन दिसला. क्विकसिल्व्हर हा तर दोन्हीकडे बसणारा नायक निघाला, म्हणून २०१४मध्ये तो एक्स-मेनच्या चित्रपटात आला आणि २०१५मध्ये वेगळ्या अभिनेत्यासह अ‍ॅव्हेंजर्सच्या. हल्कचा अभिनेताही २००८ आणि २०१२च्या मध्ये बदलला. तुमचे आठही नायक तुमचेच आहेत, म्हणजे तुम्हाला ही डोकेदुखी नाही. पण पुढेमागे निर्माता आला तर त्याची पहिली सूचना बहुधा अशी असेल की अमुक अभिनेत्याच्या तारखा मिळाल्यात, त्याच्यासाठी एक नायक वाढवा. तेव्हा तुमचा क्रियापदांचा तक्ता त्याच्यासमोर ठेवा. युक्तिवादापेक्षा रिकामे रकाने जास्त बोलतात.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर आधी जोड्या, मग मिनिटं, मग क्रियापदं, मग लढाईतली जागा. लोकप्रियता यानंतर, दोघं अगदी बरोबरीत आले तर.

गाळलेल्यांचं काय करायचं? सर्वांत वाईट उपाय म्हणजे त्यांना पाच सेकंद दाखवून सोडून देणं. दुसऱ्या टोकाला, ते कुठे आहेत यावर पानभर खुलासा. ‘इन्फिनिटी वॉर’मध्ये हॉकआय आणि अँट-मॅन नाहीत, त्यावर एवढंच ऐकू येतं की त्यांनी कुटुंबासाठी तडजोड केली आणि आता ते नजरकैदेत आहेत. संपलं. ‘सिव्हिल वॉर’मध्ये त्याहून चलाख काम आहे. विमानतळावरच्या लढाईत सहा विरुद्ध सहा असे बारा नायक आहेत, पण थॉर आणि हल्क नाहीत, कारण ते ज्या बाजूने असते ती बाजू पाच मिनिटांत जिंकली असती. मग सरकारी अधिकारी कॅप्टनला विचारतो की थॉर आणि बॅनर आत्ता कुठे आहेत, हे तरी तुला माहीत आहे का? माहीत नाही. आणि नायकांवर कोणाचा तरी अंकुश हवा, या त्याच्या म्हणण्याला तिथेच वजन येतं. म्हणजे गैरहजेरी हाच वादाचा पुरावा झाला. तुमच्या गाळलेल्या नायकांची गैरहजेरी अशी कोणाच्या तरी हातातलं हत्यार होऊ शकते का, बघा.

याउलट एक युक्ती नवोदितांना फार मोहवते, ती म्हणजे जास्तीच्या नायकांना सुरुवातीलाच मारून टाकणं. ‘द सुसाइड स्क्वॉड’मध्ये (२०२१) जवळजवळ अख्खी एक तुकडी किनाऱ्यावर उतरताच कापली जाते आणि ते मस्त जमलंय, कारण ती गोष्टच फेकून द्यायच्या माणसांची आहे. तुमच्या गोष्टीचा सूर वेगळा आहे. तुम्ही वर्षानुवर्षं ज्यांच्यावर जीव लावून लिहिलंत त्यांना जागा नाही म्हणून मारलंत, तर तुमचे वाचक तुम्हाला माफ करणार नाहीत, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर असेल.

शेवटी तुमच्या आठांबद्दल माझं मत. तुम्ही दिलेल्या चार-चार ओळींवरून सांगतेय, तेव्हा चूक होऊ शकते. माजी सैनिक असलेली नायिका नक्की. चोरी सोडून आलेली, सावल्यांतून वावरणारी मुलगीही नक्की, आणि तीच तुमचं दार, कारण तिला या टीमचं काहीच माहीत नाही आणि कोणाचा तिच्यावर विश्वास नाही. त्या दोघींमधला संशय चित्रपटाचा कणा होऊ शकतो. कवचवाला शास्त्रज्ञ ठेवा, कारण त्याच मुलीने कधीकाळी त्याच्या कंपनीत चोरी केली होती असं तुम्हीच लिहिलंय. ही तयार जोडी तुम्ही आजवर वापरलीच नाहीत! बलवानाला ठेवा, पण तो सैनिक नायिकेचा हुकूम पाळायला का तयार नाही, ते आधी लिहून काढा. अग्नी आणि वीज यांतून थंड डोक्याची अग्नीवाली. झाले पाच.

आजोबांना मी पूर्ण गाळलं नसतं. एकाच सीनमध्ये आणलं असतं, मध्यंतराच्या थोडं आधी. त्या मुलीच्या मनात त्यांना काहीतरी दिसतं आणि ते कोणालाच सांगत नाहीत. वीजवाला आणि पाण्याखालचा यांना पुढच्या गोष्टीसाठी ठेवा.

तक्ता भरून बघा. मुलीच्या रकान्यात दहाच्या वर क्रियापदं यायला हवीत. बलवानाच्या रकान्यात "उचलतो" सोडून दुसरं काही सापडलं नाही, तर त्याच्याबद्दल मी वर म्हटलंय ते मागे घेते. तेव्हा चौघांवरच लिहा.